केलाडीचा व्याही

मलय मुलखातल्या आम्हा चिनी डुक्करपाळांच्या केलाडीत सगळ्यात हलकं काम कोणतं असं विचारलं, तर डुकरांची घाण उपसणारा गडीसुद्धा छाती काढून सांगायचा, "निदान मी नर तरी फिरवत नाही."

नर फिरवायचा याप कोन सेन. पैदाशीचा एक नर डुक्कर पाळायचा, ज्याच्या गोठ्यात डुकरीण माजावर आली असेल त्याच्या दारी तो न्यायचा, काम उरकलं की पैशांचं लाल पाकीट खिशात घालून पुढचं दार गाठायचं, हा त्याचा धंदा. बापही हेच करायचा. बाप वेताची छडी घेऊन डुकरामागून पायी चालायचा, कोन सेनने मोटरसायकलला तीनचाकी पिंजरा जोडून घेतला. दोन पिढ्यांत घराण्याची प्रगती म्हणावी ती एवढीच.

त्या नराला गाव जावईबापू म्हणायचं आणि कोन सेनला व्याही. तोंडावर म्हणायचं. "या व्याही, आणलंत का जावयाला?" जावयाचा थाट खऱ्या जावयाच्याही वर. गळ्यात लाल फडकं, काम झाल्यावर भातावर फोडलेली कच्ची अंडी, पाठीवर गार पाणी. व्याह्याला मात्र चहा, तोही बाहेरच्या पायरीवर, कान तुटलेल्या कपात. नर फिरवणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतलं तर घरातल्या मुलींची लग्नं अडतात, असं आमच्याकडे मानतात. लग्नाच्या जेवणाला त्याला बोलावणं नाही, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याने कोणाच्या समोर यायचं नाही. स्वतःच्या लग्नाचा तर प्रश्नच नव्हता.

मीही त्याला पायरीवरच बसवायची. चांगुलपणाचा आव मला आणता येत नाही. कारणही फक्त चालीरीतीचं नव्हतं, तो माणूसच मला बघवायचा नाही. कोणी काही बोललं की दात काढायचा. माझा नवरा यून त्याला म्हणायचा, "कोन्या, तुझं आणि जावयाचं तोंड एकाच साच्यातलं रे!" आणि हा हसायचा, वर म्हणायचा, "जावई देखणा आहे, दादा." अशा माणसाची दयासुद्धा येत नाही. एकदा तरी याने उलटून बोलावं, एखादी शिवी हासडावी, असं मला वाटायचं. पण नाही.

त्या साली नव्या वर्षाच्या आधी डुकरं खोकायला लागली. साधं खोकणं नव्हे, भुंकल्यासारखं. पलीकडच्या टेकडीवर ऐकू जायचं. मग माणसं पडायला लागली. आधी ताप, मग डोकं धरून बसणं, मग झोप. झोप अशी की बोलता बोलता माणूस मान टाकायचा. त्यानंतर झटके, शहरातलं इस्पितळ, आणि तिथून शवपेटी.

राजधानीतून शास्त्रज्ञ आले. गाड्या गार हवेच्या, काचा बंद. त्यांनी गटारं पाहिली, डबकी पाहिली आणि सांगितलं, डास. डासांमुळे मेंदूज्वर होतो, लस टोचून घ्या, धूर मारा, मच्छरदाणीत झोपा. आता केलाडीचे डास मोठे चोखंदळ निघाले. पोरांना चावत नव्हते, शेजारच्या रबराच्या मळ्यातल्या तमिळ मजुरांना चावत नव्हते, फक्त डुकरं धरणाऱ्या बाप्यांना हुडकून चावत होते. हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण चष्मेवाल्यांना दिसलं नाही आणि आम्हाला बघायचं नव्हतं.

आम्हाला का नव्हतं, तेही सांगते. डास म्हटल्याबरोबर लाय चोक मिनचा चेहरा असा उजळला की जणू नातू झाला. हा चोकशेठ आमच्या डुक्करपाळ संघाचा अध्यक्ष, गावातला सगळ्यात मोठा गोठा त्याचा. समाजमंदिरात उभा राहून म्हणाला, "ऐकलंत ना? डुकरं निर्दोष आहेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार घरांत सुतक, आणि हे डुकरं सुटली म्हणून टाळ्या वाजवतात.

धूर मारायच्या यंत्राला आणि औषधाच्या पिंपांना गोठ्यागोठ्यांत नेणारी गाडी हवी होती. सरकारी ट्रक बोळात शिरेना. मग कोणाची गाडी गावातला प्रत्येक गोठा ओळखते? व्याह्याची. सरकारने कोन सेनला पिवळा सदरा दिला आणि समाजमंदिरामागच्या औषधाच्या शेडची किल्ली दिली. सकाळी ज्या पिंजऱ्यातून जावई उतरायचा, त्याच पिंजऱ्यातून दुपारी पिंपं उतरायची. शास्त्रज्ञ समोर उभे राहून हातवारे करायचे, इकडे मारा, तिकडे मारा. त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की या गाडीत सकाळी काय होतं. कोन सेन तो पिवळा सदरा रोज धुऊन वाळत घालायचा. "व्याही सरकारी झाले!" म्हणून चोकशेठने त्याला सलाम ठोकला, तेव्हाही त्याने दात काढले.

माझा यून नव्या वर्षाच्या तोंडावर गेला. लस टोचून घेतली होती त्याने. दंड वर करून मला दाखवला होता, "बघ, आता डासाच्या बापाची भीती नाही." त्याच्या पेटीभोवती मी डासांच्या अगरबत्त्या लावल्या होत्या. खरंच लावल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांना डास चावू नयेत म्हणून. आता आठवलं की मला माझाच राग येतो आणि हसूही येतं.

मग दुसरेच शास्त्रज्ञ आले. त्यांना मेलेल्यांच्या रक्तात म्हणे असा विषाणू सापडला जो आजवर कोणी पाहिला नव्हता, आणि तो डुकरांतून आला होता. जुने शास्त्रज्ञ निमूट निघून गेले. चूक झाली म्हणायला एकही थांबला नाही. औषधाची पिंपं शेडमध्ये तशीच राहिली, आणि सरकारने जाहीर केलं की केलाडीतलं एकूण एक डुक्कर मारायचं. मारायला सैन्य येणार होतं.

सैन्य यायच्या आदल्या दिवशी चोकशेठच्या घरी जेवण होतं. माझा गोठा अजून माझ्या नावावर, म्हणून मलाही बोलावलं होतं. जाऊन बघते तर टेबलाच्या मधल्या खुर्चीत कोन सेन! पिवळा सदरा इस्त्रीचा, केसांना तेल, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. उंबरा ओलांडायची सवय नसलेल्या माणसाला खुर्चीत कसं बसायचं तेही ठाऊक नसतं. चोकशेठची बायको, जी एरवी त्याची सावली अंगणात पडली तर पाणी ओतायची, ती त्याच्या ताटात कोंबडीची तंगडी वाढत होती.

"घ्या कोन सेनभाऊ, लाजू नका."

काल कोन्या होता, आज भाऊ. मी टेबल न्याहाळलं. कोंबडी होती, मासा होता, अंडी होती. डुकराचा एक तुकडा नव्हता. जन्मभर डुकरावर पोसलेली माणसं, डुकरं निर्दोष म्हणून टाळ्या वाजवणारी, आणि स्वतःच्या ताटात मात्र कोंबडी!

चोकशेठने घसा साफ केला. "हे बघा, सैन्य आज आहे, उद्या जाईल. गोठे रिकामे होतील, पुन्हा भरता येतील. पण बी पाहिजे. जावईबापूसारखा नर दहा गावांत नाही. तो वाचला तर केलाडी वाचली. कोन सेनभाऊ, सगळं गाव तुमच्या हातात आहे."

कोन सेन इकडे तिकडे बघायला लागला. "माझ्या?"

"तुमच्याकडे शेडची किल्ली आहे ना? सरकारी माल, सरकारी कुलूप. शिपाई कशाला उघडतोय? बाहेर त्यांचं जनरेटर धडधडणार, औषधाचा वास सुटलेला. जावई आत झोपला तरी पत्ता लागायचा नाही." मग हळूच म्हणाला, "मीही दोन डुकरिणी केळीच्या बागेत ठेवल्यात. आमचा सिओंग बघतोय त्यांच्याकडे. माजावर आल्या की जावयाला तेवढा रात्री... म्हणजे, येत्या रविवारी."

सिओंग हा चोकशेठचा एकुलता एक मुलगा. बारीक, हसरा पोरगा, नुकतंच लग्न झालेलं.

कोन सेनने तंगडी दोन्ही हातांनी उचलली, पण खाल्ली नाही. "शेठ, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. टेबलावर बसवलं एवढ्यावर! मला किळस आली, त्यांचीही आणि त्याचीही. मी उठले आणि म्हणाले, "मला पुन्हा डुकरं पाळायची नाहीत. चालू द्या तुमचं." मी कोणाला काही सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याला डासांवर सोडून गेलेल्या सरकारला मी कशाला मदत करू?

सैन्य आलं. ट्रकमधून उतरली ती सगळी मलय पोरं, पाच वेळा नमाज पढणारी. ज्यांच्या धर्मात डुकराला हात लावायचा नाही, त्यांनाच डुकरं मारायला पाठवलं होतं. हे ज्याने ठरवलं तो राजधानीत गार हवेत बसून चहा पीत असणार. पोरांना हातमोजे दिले होते, तोंडाला फडकी दिली होती, नेम मात्र कोणी शिकवला नव्हता. एकेका डुकराला तीन तीन गोळ्या. डुकरं किंचाळायची, पोरं डोळे मिटून घोडा ओढायची. माझा गोठा रिकामा व्हायला एक सकाळ लागली. त्यातला एक शिपाई माझ्या भिंतीला टेकून ओकला. मी त्याला पाणी दिलं नाही.

त्यांचा नायक होता हमदान, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा. संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. "आई, तुमच्या अंगणातली थोडी माती मिळेल का?"

"माती? खायची आहे का?"

"आम्हाला अंग धुवायचंय. डुकराचा स्पर्श झाला की एकदा मातीच्या पाण्याने आणि मग सहा वेळा साध्या पाण्याने धुवावं लागतं. स्वच्छ माती हवी."

मला हसू फुटलं. "बाबा रे, साऱ्या केलाडीत डुक्कर मुतलं नाही अशी ओंजळभर माती दाखव, मी माझं घर तुझ्या नावावर करते."

तो रागावला नाही. त्याच्यामागे पोरं ओळीने उभी होती, हात अंगापासून लांब धरून. स्वतःच्याच हातांची घाण वाटावी तसे. पायरीवर कोन सेन चहा पीत होता. त्याने ते हात पाहिले. कप खाली ठेवून म्हणाला, "मी आणतो. रबराच्या मळ्याच्या वर, टेकडीवर, तिथं डुक्कर जात नाही."

"तू आणणार?" मी म्हटलं. "तुझा हात लागला की त्या मातीचं काय राहिलं?"

"म्हणून तर नवं फावडं घेतो, वहिनी. नवी गोणी घेतो. हातात नवे मोजे घालतो." आणि हमदानला म्हणाला, "माझा हात लागू देणार नाही, साहेब. तेवढं मला कळतं."

तेवढं त्याला नक्कीच कळत होतं. त्याचा स्पर्श गावाने जन्मभर असाच चुकवला होता. त्या दिवसापासून तो रोज टेकडीवरून गोणी आणून शिपायांच्या पिंपाशी ठेवायचा आणि चार पावलं मागे सरून उभा राहायचा. हमदान मान लववून घ्यायचा. मला ते दृश्य आवडलं नाही. का आवडलं नाही ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच दिवसांत रक्त घ्यायला डॉक्टर वळ्ळी आली. तमिळ पोरगी, पायांत दोन मापं मोठे रबरी बूट, चालताना फटक फटक वाजायचे. ही काय दिवे लावणार, असं मला वाटलं. पण समाजमंदिरात सगळ्यांना बसवून तिने पहिल्यांदा शहाणा प्रश्न विचारला. मी तिथे नव्हते. मला कळलं ते कोन सेनकडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पायरीवर येऊन बसला. चहा दिला तर घेईना.

"वहिनी, एक विचारू?"

"विचार. चहावर रुसून विचारायची गरज नाही."

"तुम्ही तोंडावर बोलता. बाकीचे सध्या फार गोड बोलतायत. त्यांचं खरं काय नि खोटं काय, मला कळेनासं झालंय."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे? बरं, बोल."

"ती डॉक्टरीण म्हणाली, आजार चोकशेठच्या गोठ्यातून टेकडीपलीकडं वूनच्या गोठ्यात गेला. मधले चार गोठे कोरडे. उडी कशी मारली? चोकशेठ म्हणाले, डॉक्टर, डास उडतात. मग ती म्हणाली, गावात कोणाचा नर दारोदार फिरतो का? शेठ म्हणाले, छे, ज्याचा त्याचा स्वतःचा नर आहे. सगळे हो म्हणाले. मी तिथंच चहा वाटत होतो. माझ्याकडं कोणी बघितलं नाही." मग म्हणाला, "तिनं असं का विचारलं असेल?"

मी भाजी निवडत होते. विळी बाजूला सारली.

"चोककडून जावयाला कुठं नेलंस?"

"शेजारी, लोच्या गोठ्यात."

"लोचं काय झालं?"

"गेला तो. मग वूनकडं नेलं, टेकडीपलीकडं."

"वून?"

"तोही गेला. आणि त्याचा गडी."

"आणि मधले चार गोठे?"

"ते मला बोलवत नाहीत. ते नराशिवाय, सुईनेच भरवून घेतात."

"त्या चार घरांत कोण मेलं?"

त्याने बोटांवर घरं मोजली. "कोणी नाही."

"वूननंतर कुठं नेलंस?"

त्याने माझ्या गोठ्याकडे मान वळवली. "तुमच्याकडं, वहिनी. यूनदादांनी धरलं होतं जावयाला."

मला आठवलं. यूनने दोन्ही हातांनी त्या डुकराचं तोंड धरलं होतं, ते त्याच्या तोंडावर फुरफुरलं होतं, आणि यूनने बाहीला तोंड पुसून म्हटलं होतं, कोन्या, जावयाने मुका घेतला रे. आम्ही तिघंही हसलो होतो.

"जावयानं केलं का, वहिनी?"

मी समजूत घातली नाही. "जावई जनावर आहे. त्याने काय करायचं? फिरवलंस तू. आणि बोलावलं आम्ही."

"पण तो खोकला नाही कधी. अंगाने धडधाकट आहे."

"तूसुद्धा धडधाकट आहेस. मरणानेही तुला पायरीवरूनच परत पाठवलं." हे मी रागाने बोलले आणि मागे घेतलं नाही. "रविवारी चोकच्या डुकरिणींकडे नेणार आहेस ना? ने की. सिओंगच धरेल. त्याची बायको नवी आहे, तिला पांढरे कपडे शोभून दिसतील."

तो उठला. जाता जाता म्हणाला, "शेठ म्हणालेत, जावई वाचला तर मला संघाचा सभासद करून घेणार. टेबलावर कायमची जागा."

"मग काय, बसा जाऊन," मी म्हणाले आणि विळी ओढली.

सकाळी रस्त्यावर गलका ऐकू आला म्हणून बाहेर आले. कोन सेन चालत येत होता. गाडी नाही, पिंजरा नाही. हातात बापाची वेताची छडी, आणि पुढे शेडमधून बाहेर काढलेला जावई. आंघोळ घातलेला, गळ्यात कोरं लाल फडकं, ओठांना अंड्याचा बलक लागलेला. पिवळा सदरा मात्र त्याने घातला नव्हता, आपला जुना बनियन घातला होता.

तो सरळ शिपायांकडे गेला नाही. ज्या ज्या दारी त्याने जावयाला नेलं होतं, ती सगळी दारं घेत तो आला. टेकडीपलीकडून उजाडताच निघाला असणार. वूनच्या फाटकाशी थांबला म्हणे, कमरेत वाकला आणि पुढे निघाला. लोच्या फाटकाशी तेच केलं. मग माझ्या. जावई माझ्या रिकाम्या गोठ्याकडे नाक करून हुंगत होता, ओळखीचं घर ना. कोन सेन कमरेत वाकला, नुसता वाकूनच राहिला. 

तेवढ्यात चोकशेठ धावत आला, विजारीचा पट्टा हातात. "अरे गाढवा, आत घे त्याला! शिपाई बघतील! कोन सेनभाऊ, अहो, असं काय करता?"

एका दमात गाढव आणि भाऊ दोन्ही. आणि कोन सेन, जन्मभर दात काढणारा कोन सेन, छडी आडवी धरून म्हणाला, "शेठ, जावई निरोप घ्यायला निघालाय. वाटेत येऊ नका."

"तुझी लायकी नाही रे! तुला टेबलावर बसवलं—"

"बसवलंत. तंगडी तशीच ठेवली होती बघा, खाल्ली नाही मी."

रस्त्यावरच्या बायका फिसकन हसल्या. चोकशेठ बाजूला झाला, कारण जावई सरळ त्याच्याच अंगावर चालून येत होता.

मारलेली डुकरं पुरायच्या खड्ड्याशी हमदान उभा होता. मीही मागे मागे गेले. डॉक्टर वळ्ळी बूट वाजवत धावत आली, तिने जावयाच्या रक्ताच्या नळ्या भरून घेतल्या. नंतर त्यात काय निघालं ते तिने गावाला सांगितलं, गावाने ऐकून घेतलं नाही. हमदानने बंदूक घेतली. कोन सेन म्हणाला, "साहेब, एकाच गोळीत करा. मी कान धरतो, तो हलणार नाही. माझं ऐकतो तो."

"लांब हो," हमदान म्हणाला.

"तुम्ही घाबरू नका. मी धरतो."

त्याने जावयाच्या कानामागे खाजवलं. डुकराने डोळे मिटले. एकच गोळी झाली. पोरांना इतके दिवस जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं.

कोन सेन खड्ड्याच्या काठावर बसला. मग म्हणाला, "शेठच्या केळीत अजून दोन आहेत. आणि सिओंगला इस्पितळात न्या. काल त्याचं डोकं दुखत होतं."

शिपाई केळीकडे पळाले. डॉक्टर गाडीकडे पळाली. खड्ड्याशी आम्ही तिघंच उरलो. कोन सेन पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, मलाही तसं धुता येईल का? मातीनं?"

"तुला कशाला? तुझ्या धर्मात नाही ते."

"नसेना. सगळा जन्म डुकरात गेला. एकदा धुऊन बघतो."

हमदानने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टमरेल उचललं. कोन सेनने टेकडीवरून आणलेलीच माती, पण या वेळी हमदानने ती आपल्या हाताने पाण्यात कालवली आणि त्याच्या डोक्यावर ओतली. मग साधं पाणी, पुन्हा, पुन्हा. कोन सेन उकिडवा बसून राहिला, डोळे मिटून, जावई बसायचा तसा. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

सिओंग वाचला. महिनाभर शुद्ध नव्हती, आता उजवा पाय ओढतो, पण जिवंत आहे, बायकोशी भांडतो, पोराला शाळेत सोडतो. आणि त्याचा बाप? तो अजूनही चारचौघांत उसासा टाकून सांगतो, "काय जातिवंत होत्या हो त्या दोन डुकरिणी! त्या नालायकाने मारवल्या." पोटचा पोर समोर लंगडत चाललेला असतो तेव्हासुद्धा.

केलाडीत पुन्हा डुकरं आली नाहीत, सरकारने येऊ दिली नाहीत. कोन सेनने पिंजरा उखडून गाडीत लाकडी पेटी बसवली आणि बर्फ विकायला लागला. गावाने नाक मुरडलं, पण केलाडीच्या उन्हात नाक किती दिवस मुरडून ठेवणार? बर्फ घेतला. फक्त पैसे हातात न देता पेटीवर ठेवायचे.

पुढच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्या घरांत पाहुणे, सरबतं, आणि बर्फ कोणाकडेच पुरेसा नाही. त्या दिवशी ज्याने तोंड दाखवायचं नाही त्यालाच निरोपावर निरोप गेले. तो आला, पण प्रत्येक दाराशी पाठ करून उभा राहायचा, म्हणजे कोणाला त्याचं तोंड दिसू नये. माझ्याही दाराशी पाठ करून उभा राहिला.

मी म्हटलं, "इकडे वळ. आणि आत ये. खुर्ची आहे."

तो वळला, आत आला नाही. "नको, वहिनी."

"का? मुली नाहीत मला, कोणाची लग्नं अडायची आहेत?"

"तसं नाही." त्याने दात काढले नाहीत, शांतपणे म्हणाला, "आत बसवलं की लोक काहीतरी मागतात. पायरी बरी."

आणि तो आपल्या जागी बसला.

मी आत गेले. दोन कप भरले, दोन्ही चांगले, कानवाले. नवे लाल कपडे अंगावर होते, तशीच येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसले. तेवढ्यात संत्र्यांची पिशवी घेऊन चोकशेठची बायको फाटकाशी आली, मला नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. आम्हा दोघांना बघून तिने नाकाला रुमाल लावला आणि संत्री तशीच परत न्यायला लागली. ती रस्त्याला लागेपर्यंत मी थांबले. मग तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्याही, अजून थोडा चहा घ्या. घाई कसली आहे तुम्हाला?"